रक्तपिपासू आणि गांगुर्डे वहिनी

लेथ मशीनखाली लोखंडाचा चुरा साठतो ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. एक दिवस झाडू फिरवला की कळतं, अरे बापरे, एवढा ढीग!

नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत मी परचेस डिपार्टमेंटला होते. आमचं चौघांचं एक मंडळ होतं. काम एकच, जेवणाच्या सुट्टीत भुताखेतांची आणि रक्तपिपासूंची पुस्तकं वाचायची आणि त्यांवर कडाकडा भांडायचं. नव्वद सालानंतर कधीतरी सुरू झालं ते पुढे पंधरा-सोळा वर्षं चाललं. टूलरूमचे सुपरवायझर भाऊ गांगुर्डे, अकाउंट्सचे जोशी, क्वालिटीतला साळवे आणि मी. आता तुम्ही विचाराल, असली पुस्तकं दुपारी बारा वाजता, वरणभात खाताना का वाचायची? अहो, आम्ही चौघंही घाबरट! अंधार पडल्यावर पुस्तकाला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

या मंडळाचे अध्यक्ष भाऊ. पण खरं सांगू का, आमचं खरं आकर्षण भाऊ नव्हतेच. ते होतं भाऊंच्या मंडळींचं मत. गांगुर्डे वहिनी सटाण्याकडच्या. त्यांनी जन्मात एकही भुताचं पुस्तक उघडलं नाही. भाऊ रोज संध्याकाळी ओट्याजवळ पाटावर बसून, वाचलेलं सगळं त्यांना सांगायचे. वहिनी भाकरी थापता थापता मत द्यायच्या. आणि ते मत दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर कँटीनमध्ये यायचं. भाऊ डबा उघडायच्या आधी आम्ही तिघं एका सुरात विचारायचो, "वहिनी काय म्हणाल्या?"

मधे एक काळ असा आला की भाऊ बोलायचेच थांबले. हा माणूस आपल्या हातून जातो की काय, अशी धास्ती बसली होती आम्हाला. तेही सांगणार आहेच. पण आधी थोडं हसून घेऊ.

* * *

पहिलं जाडजूड पुस्तक आम्हाला शालिमार चौकातल्या फुटपाथवर मिळालं. परदेशातला कुठलासा उमराव. दिवसभर पेटीत झोपायचा आणि रात्री बाहेर पडून लोकांचं रक्त प्यायचा. जोशींनी ते दोन दिवसांत वाचलं आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्याफटक चेहऱ्याने कामावर आले. भाऊंनी गोष्ट घरी नेली.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "मंडळी इचारते, दिवसा झोपतो आन् रात्री बाहेर पडतो, त्यात भ्यायचं काय? 'तुमची बी कधीमधी नाइट शिफ्ट शे ना? मग तुम्ही कोणाचं रगत प्यायले का?'"

वहिनींची नक्कल करताना भाऊ त्यांचा 'शे', म्हणजे आपलं 'आहे', अगदी न चुकता लावायचे. आवाजसुद्धा बारीक करायचे.

"आणखी काय म्हणाल्या?"

"म्हणे, 'एवढा मोठा वाडा, नोकर नाही, चाकर नाही. तो झाडतं कोण?'"

झालं! त्या दिवसापासून पुस्तकातली भीतीच गेली. भयाण दालन आलं, जाळीजळमटं आली, की जोशी पुस्तक बाजूला ठेवून म्हणायचे, "खरंच, झाडतं कोण हो?"

* * *

पुस्तक एक आणि वाचणारे चार, त्यामुळे नंबर लावण्यावरून भांडणं व्हायची. भाऊंनी त्यावर तोड काढली. टूलरूममधल्या पातळ पात्याने त्यांनी पुस्तक शिवणीवर उसवलं, चार भाग केले, प्रत्येकाला पुठ्ठा लावला. एकेकाने एकेक भाग घ्यायचा आणि वाचून झाला की बदलायचा. परचेसमधली असल्याने मला ही पद्धत फारच आवडली. एकाच खरेदीत चार गिऱ्हाइकं खूश!

गडबड एवढीच झाली की पुठ्ठ्यावर नंबर टाकायचे राहिले. साळवेला पहिल्याच दिवशी शेवटचा भाग मिळाला. मग तिसरा, मग दुसरा आणि सगळ्यात शेवटी पहिला. साळवे म्हणजे क्वालिटीतला माणूस, हातात आलेला माल तपासायचा, तो कुठून आला ते विचारायचं नाही.

पंधरा दिवसांनी पठ्ठ्या जाहीर करतो, "काय पॉझिटिव्ह पुस्तक आहे राव! सुरुवातीलाच बिचाऱ्याच्या छातीत खुंटी ठोकतात. पण माणूस जिद्दीचा! हळूहळू उठतो, तब्येत सुधारते, गावातली माणसं एकेक करून जिवंत होतात आणि शेवटी तो पाहुण्यांना इतक्या प्रेमाने जेवायला बोलावतो की डोळ्यांत पाणी आलं माझ्या!"

आम्ही कोणी त्याला खरं सांगितलं नाही. वहिनींचा निरोप मात्र आला, "साळवे भाऊजींनी वाचली तीच गोष्ट चांगली शे. तीच सांगा मला."

* * *

जोशी त्र्यंबकचे. वडील तिथे मोठे उपाध्ये, घरात पिढ्यान्‌पिढ्या श्राद्ध-पक्ष आणि गेलेल्यांना गती देण्याचे विधी. त्यामुळे प्रत्येक रक्तपिपासूबद्दल जोशींचं निदान ठरलेलं असायचं.

"याचे दिवस कोणी केलेले नाहीत."

"जोशी, तो परदेशातला आहे."

"असेना! चारशे वर्षं एक माणूस पेटीत तळमळतोय आणि नातेवाइकांपैकी एकालाही वाटत नाही की त्र्यंबकला जाऊन यावं? तीन दिवसांचा विधी. नारायणनागबळी करायचा, विषय संपला."

"मग कादंबरी विसाव्या पानावर संपेल," साळवे म्हणाला. "लेखकाने काय खायचं?"

साळवेचे आक्षेप वेगळेच असायचे. रक्तपिपासू आरशात दिसत नाही असं वाचल्यावर तो दोन दिवस अस्वस्थ होता. तिसऱ्या दिवशी त्याने जेवता जेवता चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "मला एवढंच सांगा, मग तो भांग कसा पाडतो?"

* * *

या जोशींची एकदा भलतीच पंचाईत झाली. चातुर्मास चालू होता. त्यांच्या घरी चार महिने कांदा-लसूण बंद, जोशी वहिनी त्या बाबतीत कडक. आणि नेमकं त्याच वेळी हातात आलेल्या पुस्तकात लिहिलेलं, की रक्तपिपासू फक्त लसणाला घाबरतो.

विचार करा माणसाची अवस्था! सगळ्या नाशिकभर घराघरांत लसणाच्या माळा टांगलेल्या आणि पंचवटीत एकटं जोशींचं घर उघडं पडलेलं! जोशींनी भाजीबाजारातून गुपचूप एक गड्डा आणला आणि उशीच्या अभ्र्यात घातला.

अभ्रा धुवायला काढला तेव्हा जोशी वहिनींना तो सापडला. "तुम्ही चातुर्मासात चोरून लसूण खाता?" त्यांनी असा काही टाहो फोडला की शेजारच्या बायका गोळा झाल्या. आता जोशींपुढे दोनच वाटा. एक, लसूण खातो म्हणून कबूल करायचं. दोन, त्र्यंबकच्या उपाध्यांचा मुलगा पुस्तकातल्या भुताला घाबरतो म्हणून कबूल करायचं.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"खातो म्हणालो," जोशी खाली मान घालून म्हणाले. "वडिलांना फोन गेला. प्रायश्चित्त घेऊन आलोय."

गांगुर्डे वहिनींना हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी भाऊंच्या डब्यात जोशींसाठी वेगळी पुडी पाठवली. आत लसणाचा ठेचा. बरोबर निरोप, "उशीखाली ठेवून काय उपयोग? चातुर्मास संपला की खा म्हणावं. भूत बी पळीन आन् तोंडाला चव बी येईन." जोशींनी तो ठेचा वास घेऊन घेऊन परत केला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, तिखटाने की कशाने ते मी विचारलं नाही.

* * *

आमच्या पर्सोनेल मॅनेजरना संशय आला. रोज चार माणसं कोपऱ्यातल्या टेबलावर डोकी जवळ करून बसतात, हातात सुटे कागद, कुजबुज चालू. त्यांना वाटलं, युनियन! एक दिवस ते तडक आले आणि माझ्या हातातला भाग काढून घेऊन गेले. आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली. साळवे तर आदल्याच दिवशी नोकरीत कन्फर्म झाला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंना केबिनमध्ये बोलावणं आलं. दार लावून घेतलं. आम्ही बाहेर देव पाण्यात घालून बसलेलो. पाच मिनिटांनी भाऊ बाहेर आले, चेहरा गंभीर.

"काय म्हणाले साहेब?"

"इचारलं, 'गांगुर्डे, त्या पोरीच्या खिडकीवर वटवाघूळ येऊन बसतं आणि तिथंच पानं संपतात. ती खिडकी बंद करते की नाही?'"

पुढचा भाग पाकिटात घालून, वर 'अर्जंट' लिहून केबिनमध्ये पाठवला. पण संध्याकाळी भाऊंनी घरी सांगितल्यावर वहिनींनी साहेबांचासुद्धा मुलाहिजा ठेवला नाही. "खिडकी उघडी टाकून झोपली तर वटवाघूळ येईन नाही तर काय येईन? साहेबाला सांगा, जाळी बसवून घ्या म्हणावं, डास बी येत नाहीत!"

आणि भाऊंनी ते साहेबांना सांगितलंही! साहेब हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. दिवाळीला त्यांनी भाऊंना मुद्दाम बोलावून सांगितलं, "मिसेसना सांगा, जाळी बसवली."

* * *

पुढे लोडशेडिंगची वर्षं आली. साळवे एकलहऱ्याचा, त्याचे वडील पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले. त्यामुळे वीज गेली की आम्ही सगळा राग साळवेवर काढायचो. त्याचं म्हणणं असं की खेड्यापाड्यांतली भुतं आमच्या एकलहऱ्याच्या विजेने पळवली, जगाने उपकार मानावेत.

त्यावर वहिनींचं मत आलं, "मग आता रोज सहा-सहा तास वीज जाते, त्यांना बोलवून घेता का परत?"

साळवेने हे वडिलांना सांगितलं. ते आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

* * *

आणि मग वहिनी गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेल्या, ताप डोक्यात चढला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मी त्यांना आयुष्यात दोनदाच भेटले होते, पण घरी येऊन मी मोठ्याने रडले. अहो, रोज दुपारी भेटणारं माणूस होतं ते!

दिवसकार्य झाल्यावर भाऊ कामाला आले. आमच्याच टेबलावर बसायचे. मेसचा डबा उघडायचे, अर्धा खायचे, झाकण लावायचे. पुस्तकाचा भाग पुढे केला तर हाताने बाजूला सारायचे. वाचून सांगायचं कोणाला? आम्ही तिघं जोक करून पाहायचो, भांडून पाहायचो. साळवेने तर मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारले. भाऊ नुसते आमच्याकडे बघायचे. वजन घटलं, दाढी वाढली, मशीनवर हात कापून घेतला एकदा. "व्हीआरएस घेतो आन् गावाला जातो," एवढं एक वाक्य त्या सहा-सात महिन्यांत मी त्यांच्या तोंडून ऐकलं. आणि गावाला कोणी नव्हतं त्यांचं. मुलगी दिली होती सुरतला. हा माणूस तिकडे एकटा जाऊन काय करणार, ते आम्हाला लख्ख दिसत होतं.

वर्षाच्या आत जोशींनी पुढाकार घेतला. वहिनींसाठी त्र्यंबकला जे काही करायचं ते सगळं स्वतःच्या वडिलांकडून यथासांग करवून घेतलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये भाऊ आपणहून बोलले. आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

"जोशी, ह्या विधीनं काय होतं नक्की?"

जोशींना हुरूप आला. "भाऊ, आता काळजीच सोडा. मार्ग मोकळा झाला त्यांचा. कुठे अडकणं नाही, भटकणं नाही. आता त्या परत येणार नाहीत!"

"अजिबात नाय?"

"अजिबात नाही! माझी गॅरंटी."

भाऊंनी मान हलवली आणि डबा न उघडताच उठून गेले. जोशी हातातला घास तसाच धरून बसले. मग म्हणाले, "काय बोलून बसलो हो मी?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

* * *

त्यानंतर आठवड्याभराने भाऊ माझ्या टेबलापाशी आले. बसले नाहीत, उभ्या उभ्याच विचारलं, "मॅडम, मेलेली बायको परत येते आन् चांगली असते, असं एखादं पुस्तक हाय का?"

मी परचेसमधली बाई. बाजारात नाही अशी वस्तू नसते, यावर माझा विश्वास. आम्ही तिघांनी सगळं नाशिक पालथं घातलं. शालिमारचा फुटपाथ, रद्दीची दुकानं, दोन वाचनालयं. बायका परत येतात हो पुस्तकांत, रगड येतात! पण आल्या की गळाच धरतात. नखं वाढलेली, पाय उलटे, केस मोकळे. एकही धड नाही! एवढ्या वर्षांत आम्हाला कधी खटकलं नव्हतं ते. जोशी भडकलेच एकदा, "या लेखकांना घरी बायका आहेत की नाहीत?"

शेवटी साळवे म्हणाला, "माल बाजारात मिळत नसेल तर घरात बनवायचा."

लिहायला बसले मी. विशेषणं जोशींची, तपासणी साळवेची. भाऊंना घाबरवायचं नव्हतं आणि दुखवायचंही नव्हतं, म्हणून आम्ही अगदी जपून लिहिलं. तिन्हीसांजेची वेळ. मोगऱ्याचा मंद वास. दारात पांढऱ्या साडीतली वहिनी, चेहऱ्यावर शांत हसू. ती हळूच विचारते, "येऊ का मी आत?" मग अंगणात बसून दोघं चांदण्याकडे बघत गोड गोड बोलतात. चार पानं झाली. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. साळवेने खाली 'ओके' करून सही केली.

दुपारी कँटीनमध्ये ते कागद भाऊंपुढे ठेवले. भाऊंनी चष्मा लावला. सावकाश वाचायला लागले, ओळीवर बोट ठेवून. पहिलं पान झालं, दुसरं झालं. आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघतोय. चौथं पान संपलं. भाऊंनी चष्मा काढला.

"ही कोण बाई हाय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "भाऊ... वहिनी आहेत."

"ह्या? आमची मंडळी?" भाऊंच्या कपाळावर आठी आली. "चार पानं झाली, एकदा बी वरडली नाय! नुसती हसतीये. आन् पांढरी साडी? मळखाऊ पाहिजे म्हणून दुकानदाराचा जीव घ्यायची ती. मोगरा माळला तर डोकं दुखायचं तिचं."

"बदलू आपण ते," साळवे घाईघाईने म्हणाला.

"आन् हे काय? 'येऊ का मी आत?'" भाऊंचा आवाज चढला होता. कँटीनमधली माणसं वळून बघायला लागली. "तिचं घर हाय ते! ती मला इचारून आत येईल? अंगणात बसून चांदणं बघंल? लय तर लय चपला काढायला थांबंल, तेवढंच. सरळ आत जाईल. माझ्याकडं बघणार बी नाय. आधी मडक्याचं झाकण काढंल, आत वाकून बघंल आन्..."

ते थांबले.

मग भाऊंनी आवाज बारीक केला. कित्येक महिन्यांनी आम्ही तो आवाज ऐकत होतो.

"'हे पाणी कधीचं शे?'"

जोशींनी तोंड फिरवलं. भाऊंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, ते हसत होते आणि चार कागद उलटे करून, कोरी बाजू वर काढून माझ्यापुढे सरकवत होते.

"लिहा मॅडम, लिहा. अजून लय बोलायचंय तिला."